दूरचे दप्तर

राज्य फौजेने मिळते असे बखरी सांगतात. परंतु मिळालेले राज्य चालते ते दप्तराने. कोणाच्या नावे किती जमीन, कोणाचा सारा थकला, कोणत्या देवस्थानास कोणते इनाम, हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती रयतेची नाडी असते. सबब दप्तर कोठे ठेवावे हा प्रश्न दिसण्यात कारकुनी असला, तरी मुळात तो सत्तेचा आहे. आज ज्यास 'क्लाउड' म्हणतात, त्याच्या रूपाने हाच जुना प्रश्न नवा वेष घेऊन आपल्या दारी आला आहे. आणि त्याचा विचार करताना नांदेड-लातूरकडील लोकांस स्वतःचा इतिहास पुष्कळ उपयोगी पडण्यासारखा आहे.

हा मुलूख निजामाच्या अमलात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिलाबंदी केली आणि वसुलाचा कारभार पगारी अंमलदारांच्या हाती दिला. वतनदार पटवाऱ्याचे बस्ते गावात राहात. पण कारभाराचे अंतिम ठिकाण हैदराबाद. दप्तराची भाषा प्रथम फारसी होती, ती १८८० नंतर उर्दू झाली. रयत मात्र मराठीच बोलत राहिली. म्हणजे ज्याच्या जमिनीची नोंद, त्याच्यापासून ती नोंद दोन प्रकारांनी दूर होती: स्थळाने आणि लिपीने.

या अंतराचे परिणाम एका पिढीत संपत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसे आली, जमिनी आल्या. जुन्या सरकारचे पुष्कळसे कागद मात्र हैदराबादेसच राहिले. पुढे २०२३ साली कुणबी नोंदींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीस निजामकालीन नोंदींसाठी हैदराबादची वाट धरावी लागली, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. राज्य बदलून पाऊणशे वर्षे लोटली तरी दप्तर जेथे होते तेथेच राहिले, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

आता नव्या दप्तराकडे वळू. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत बँक असो की महाविद्यालय, ज्या संस्थेस संगणक हवा ती आपला सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवी. हिशेबास एक यंत्र, परीक्षांस दुसरे, टपालास तिसरे. त्यांना थंड हवेची खोली, आणि भारनियमनाच्या तासांसाठी इन्व्हर्टर. गंमत अशी की यातील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसलेली असत. यावर उपाय निघाला तो आभासी यंत्राचा. एका मोठ्या वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, आणि प्रत्येकास वाटावे की घर आपलेच. तसे एकाच बलवान यंत्राच्या पोटी अनेक यंत्रे भासविता येतात. ही युक्ती आजची नव्हे. आय. बी. एम. कंपनीने १९७२ सालीच आपल्या महागड्या यंत्रांवर ती विक्रीस आणली होती. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या यंत्रांवर उतरविली; आणि २००६ साली ॲमेझॉनने अशी बिऱ्हाडे तासाच्या भाड्याने जगास देण्यास आरंभ केला. वाडा परगावी, वापर आपला आणि भाडे वापरापुरते, हेच क्लाउडचे मर्म होय.

सरकारनेही हाच मार्ग धरिला. केंद्राने आपल्या योजनेस 'मेघराज' असे नाव दिले. ज्या प्रांतात मृगापासून लोकांचे डोळे आभाळाकडे लागतात, तेथे हे नाव ऐकून कोणास हसू आल्यास नवल नाही! महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या खात्यांसाठी क्लाउडचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. देगलूरचा अथवा उदगीरचा शेतकरी आज तलाठ्याची वाट न पाहता सातबारा मिळवू शकतो. पटवाऱ्याच्या बस्त्यापासून येथवरचा हा प्रवास लहान नव्हे. त्याचा लाभ नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

आणखीही एक लाभ आहे, तो लातूरकरांस निराळा सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे नेली. जे दगडमातीचे घर क्षणात ढिगारा होते, त्यातला खरेदीखताचा कागदही त्याच ढिगाऱ्यात जातो. ज्याची दुसरी प्रत दूर सुरक्षित आहे, त्याचे निदान हक्क तरी गाडले जात नाहीत. दप्तर दूर असण्यात केवळ तोटाच असतो असे म्हणणाऱ्याने ही पहाट आठवावी.

तथापि दूरचे दप्तर म्हटले की वाटेचा विचार आलाच. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातुरास पोचली. पण कुर्डुवाडीस प्रत्येक पोते उतरवून रुंद मार्गाच्या गाडीत पुन्हा चढवावे लागे. लोखंडी वाट होती, पण तिचे माप जगाच्या मापाशी जुळत नव्हते. पुढे मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा सारा मार्ग रुंद झाला, म्हणूनच १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी तहानलेल्या लातुरास येऊ शकली. त्या उन्हाळ्यात लातूरने दोन गोष्टी एकदमच अनुभवल्या: परगावची विहीर जीव वाचवू शकते, आणि जो परगावच्या विहिरीवर जगतो, तो गाडीच्या वेळेवर जगतो. क्लाउडचे असेच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, तीच पुढे 'भारतनेट' झाली. पण रस्ता रुंद करताना कुदळीने ती तार तुटली की मेघ कितीही भरलेला असो, गावात थेंब पडत नाही.

दुसरी चिंता मालकाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली, आणि लगेचच पुढच्या महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धत लावली. खर्च फार वाढल्याची तक्रार देशोदेशीच्या ग्राहकांनी केली. वाड्याचा मालक बदलला आणि भाडे वाढले, ही कथा कोणत्याही भाडेकरूस नवी नाही. परंतु सामान घेऊन बाहेर पडणे येथे सोपे नसते, कारण सामान ज्या पेट्यांत भरले आहे त्या पेट्याही मालकाच्याच मापाच्या असतात. हैदराबादेतील उर्दू दप्तर आणि ही अडचण यांत जातीचा फरक नाही: आपली नोंद, पण ती वाचण्याचे साधन परक्याच्या हाती.

म्हणून आमच्याकडील बँका, बाजार समित्या, विद्यापीठे व महाविद्यालये यांनी क्लाउडकडे पाठ फिरवावी असे नव्हे. करार करतानाच काही गोष्टी मात्र लिहून घ्याव्यात. मूळ नोंदीची एक प्रत आपल्या जिल्ह्यात राहावी. ती अशा रूपात असावी की उद्या दुसऱ्या यंत्रावरही वाचता येईल. दप्तरास जाण्याच्या वाटा निदान दोन असाव्यात. आणि निघून जावयाचे झाल्यास सारे सामान किती दिवसांत व काय खर्चात परत मिळेल, हे आरंभीच ठरलेले असावे. निजामाच्या अमलात रयतेस अशा अटी घालता येत नव्हत्या. तिला कोणी विचारलेच नाही. आज आपल्या संस्था आपणच चालवितो. तेव्हा यापुढे आपल्या नातवंडांस स्वतःचीच नोंद शोधण्यासाठी परमुलखाची वाट धरावी लागली, तर तो दोष कोणत्याही निजामाच्या माथी मारता येणार नाही.