औषधांनी पिढ्या दुबळ्या झाल्या का?

पूर्वीची माणसं दणकट होती, आता औषधांमुळे कुणीही जगतं, म्हणून पिढ्या नाजूक होत चालल्या, असं आपल्याकडे पारावर आणि दवाखान्याच्या बाकावर सारखंच ऐकू येतं. ही शंका नवी नाही. ज्यांची संतती अधिक जगते त्यांचे आनुवंशिक गुण पुढच्या पिढीत अधिक उतरतात, याला डार्विननं नैसर्गिक निवड म्हटलं. 1871 साली मानवाच्या वंशाविषयी लिहिताना त्यानंच विचारलं होतं की, देवीच्या लसीमुळे अशक्त प्रकृतीची हजारो माणसं वाचली, त्याचा पुढे काय परिणाम होईल? पण दुर्बळांकडे पाठ फिरवली तर माणसातलं सर्वांत उदात्त तेच हरवेल, असंही त्यानं त्याच ठिकाणी बजावलं. पुढच्या काळात लोकांनी शंका लक्षात ठेवली आणि इशारा विसरले.

ते दणकट दिवस होते तरी कसे? 1911 ते 1921 या दशकात, इन्फ्लुएंझाच्या साथीनं कहर केला तेव्हा, हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान जेमतेम 20 वर्षं होतं. दर 1000 बाळांपैकी 200 हून अधिक बाळं वर्षाची होण्याआधीच जात. आज देशात हा आकडा 25 च्या आसपास आहे. आपल्याला आठवतात ते नव्वदी गाठलेले पणजोबा. त्यांची पाळण्यातच गेलेली भावंडं कुणाच्या आठवणीत नसतात.

आता आपल्याच जिल्ह्यातलं पंढरपूर पाहा. आषाढीला चंद्रभागेच्या काठी लाखोंचा मेळा जमे आणि अनेकदा पटकीची साथ उठे. परतणाऱ्या दिंड्यांबरोबर ती गावोगाव पोचे. तिनं कुणाला नेलं? ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली त्यांना. त्यात पैलवानही होते आणि लेकुरवाळ्या बायाही. घाण पाणी काही रक्तातून मुलांकडे जात नाही. म्हणजे या मरणांपैकी बहुतेक मरणं निवड नव्हती, नुसती हानी होती.

तरी पटकीनं काहीच निवडलं नाही, असंही नाही. ओ रक्तगटाच्या माणसाला पटकी झाली तर ती अधिक तीव्र होते, आणि पटकीचं माहेरघर असलेल्या गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशात ओ गटाचं प्रमाण कमी आढळतं. पण ओ रक्तगट म्हणजे दुबळेपणा का? मुळीच नाही. विदर्भातल्या सिकलसेलचं उदाहरण तर उलट्या बाजूचं आहे. या दोषाचं जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं तर हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, दोघांकडून आलं तर आजार जन्मभर छळतो. निसर्ग ताकदवान माणूस निवडत नाही. त्या वेळी, त्या जागी जे निभावतं ते टिकतं.

मग आज ही निवड थांबली आहे का? थांबलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी कोण जगतं यावर ती अधिक चाले, आता कुणाला किती मुलं होतात यावर अधिक चालते. सिझेरियनमुळे अरुंद कटिबंध असलेल्या मातांचं प्रमाण हळूहळू वाढत असावं, असं गणित 2016 साली काही शास्त्रज्ञांनी मांडलं. ते गणितच आहे, त्यावर वाद आहेत. शिवाय उत्क्रांतीचं घड्याळ फार सावकाश चालतं. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली देवीची लस टोचली ती 14 जून 1802 रोजी. तेव्हापासून जेमतेम आठ-नऊ पिढ्या झाल्या. एवढ्यात माणसाची घडण ढासळत नाही.

ढासळली ती माणुसकी. वंश शुद्ध राखण्याच्या नावाखाली जर्मनीत 14 जुलै 1933 रोजी सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. सुमारे 4 लाख माणसांवर ही सक्ती झाली. कायद्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक मानलेला अपस्मार, म्हणजे फेफरं, होतं.

फेफऱ्याचं नाव निघालं की सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत. 1910 साली इथे जन्मलेला हा तरुण 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेला. युद्धातल्या जखमींवर त्यानं अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, बेथून रुग्णालयाची धुरा वाहिली आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तो गेला. निव्वळ आजाराचं नाव पाहून माणूस टाकाऊ ठरवणाऱ्यांच्या हिशेबात कोटणीस कुठे बसले असते? आणि त्यांच्या हातून वाचलेल्यांची मोजदाद कुठल्या रकान्यात झाली असती?

म्हणून औषधानं कुणी जगलं, तर निसर्गाच्या कामात ढवळाढवळ झाली असं समजायचं कारण नाही. शुद्ध पाणी, लस, इन्सुलिन, चष्मा हीसुद्धा आता माणसाची परिस्थितीच आहे, आणि तिच्यातच पुढच्या पिढ्या घडणार आहेत. त्या दुबळ्या होतील या चिंतेपेक्षा, पाणी आणि लस शेवटच्या वस्तीपर्यंत पोचली की नाही, याची चिंता केलेली बरी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)