उजव्या क्लिकला की-बोर्डचा पर्याय

फाईलवर उजवे क्लिक करताच उघडणारी कामांची यादी, म्हणजेच कॉन्टेक्स्ट मेन्यू, १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५'मुळे सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. मात्र तिच्यासाठी दर वेळी हात माऊसकडे न्यावा लागतो. बेटेगाव, बोईसर, तारापूर या औद्योगिक पट्ट्यातील कचेऱ्यांत दिवसभर चलने व बिले हाताळणाऱ्यांच्या मनगटावर त्याचा ताण पडतो. दृष्टिहीनांचा तर सारा भरवसा की-बोर्डवरच असतो.

हा मेन्यू 'शिफ्ट' व 'एफ १०' या कळा एकत्र दाबून उघडता येतो. काही की-बोर्डांवर त्यासाठी स्वतंत्र कळ असते. मेन्यूतील प्रत्येक कामाला सहसा एक अधोरेखित अक्षर असते. इंग्रजी विंडोजमध्ये नाव बदलण्यासाठी 'एम', तर 'प्रॉपर्टीज'साठी 'आर' दाबावे. २०२१ साली आलेल्या 'विंडोज ११'मध्ये उजव्या क्लिकने आटोपशीर मेन्यू उघडतो. 'शिफ्ट-एफ १०'ने मात्र जुना, संपूर्ण मेन्यू मिळतो.

स्वतःचे काम व अक्षर जोडायचे असल्यास 'रेजिस्ट्री एडिटर' उघडावा. बदल करण्यापूर्वी 'एक्स्पोर्ट' करून नोंदींची प्रत अवश्य ठेवावी. चुकीची नोंद पुसली गेल्यास संगणक बिघडू शकतो. 'एचकी करंट यूजर'मधील 'सॉफ्टवेअर', त्यातील 'क्लासेस', पुढे तारांकित (*) व शेवटी 'शेल' अशा क्रमाने जावे. यांतील जो कप्पा नसेल तो तयार करावा. 'शेल'मध्ये नवा कप्पा करून त्याच्या 'डिफॉल्ट' नोंदीत कामाचे नाव लिहावे. ज्या अक्षराने काम चालवायचे, त्याच्या आधी & हे चिन्ह द्यावे. नाव देवनागरीत असल्यास शेवटी कंसात & व इंग्रजी अक्षर लिहिणे सोयीचे. त्या कप्प्यात 'कमांड' नावाचा उपकप्पा करून त्याच्या 'डिफॉल्ट' नोंदीत प्रोग्रामचे नाव व पुढे अवतरणचिन्हांत टक्केचिन्ह आणि इंग्रजी एक हा अंक लिहावा. निवडलेली फाईल मग त्याच प्रोग्राममध्ये उघडते.

अक्षराची निवड विचारपूर्वक करावी. नोटपॅडसाठी 'एन' सुचणे स्वाभाविक. परंतु ते 'सेंड टू'ने आधीच घेतलेले असते. एकच अक्षर दोन कामांना असल्यास काम सुरू न होता निवड केवळ पुढे सरकते आणि 'एंटर' दाबावे लागते. 'क्यू'सारखे मोकळे अक्षर घेतल्यास दोन टप्प्यांत काम होते आणि हात की-बोर्डवरच राहतो.