स्वानुभवाचे प्रामाण्य : वादनिबंधाची एक उपेक्षित परंपरा

१

मराठी निबंधाच्या इतिहासाची मांडणी सामान्यतः लोकहितवादींची ‘शतपत्रे’ (१८४८-५०) आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४ पासून) या दोन टप्प्यांभोवती होते. या मांडणीत निबंधकाराचा अधिकार त्याच्या व्यासंगातून येतो. त्याने बरेच वाचलेले असते, संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्यांशी त्याचा परिचय असतो, आणि त्या बळावर तो समाजाला चार शब्द सुनावू शकतो. परंतु ज्यांना परंपरेने विद्येचा अधिकारच नाकारला होता, त्यांनी वादात उतरावे ते कशाच्या बळावर? या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील काही लेखनाने दिलेले उत्तर असे की, जे भोगले तेच पुरावा म्हणून मांडावे. स्वानुभवावर उभारलेल्या या युक्तिवादाची स्वतंत्र परंपरा मराठी भाषकांच्या लेखनात आहे. तिची नोंद मात्र बहुधा ‘व्यथेचे चित्रण’ या सदरात झाली, आणि तिच्यातील तर्काकडे फारसे लक्ष गेले नाही.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेचे वाद प्रामुख्याने शब्दप्रमाणाच्या रिंगणात लढले गेले. १८७० साली पुण्यात विधवाविवाहावर शंकराचार्यांपुढे झालेला वाद हे त्याचे ठळक उदाहरण. दोन्ही पक्ष स्मृतिवचने पुढे करीत होते, त्यांचे परस्परविरोधी अर्थ लावीत होते. ज्या विधवेसाठी हा वाद चालला होता, तिला काय वाटते हा त्यातील ग्राह्य पुरावा नव्हता.

मराठीत ‘अनुभव’ या शब्दाला मोठा इतिहास आहे हे खरे. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर आपले प्रतिपादन शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून स्वीकारत नाहीत, त्यांनी न सांगताही ते तसेच असते, अशी भूमिका घेतात. सतराव्या शतकात बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंगांत स्त्रीजन्मामुळे वेदाला पारखे झाल्याची वेदना नोंदवली. तथापि संतवाङ्मयातील अनुभवाची अंतिम दिशा पारमार्थिक होती. तोच अनुभव लौकिक व्यवहाराविरुद्ध दाद मागण्यासाठी उभा करणे, ही एकोणिसाव्या शतकातील नवी गोष्ट होय.

२

‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता साळवे ही जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातील विद्यार्थिनी; वय सुमारे १४ वर्षांचे. दलित स्त्रीने लिहिलेला आद्य निबंध म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो यथार्थ आहे. परंतु या गौरवात निबंधाची रचना झाकली जाते.

निबंधाचा आरंभ ‘मी’ने होतो. स्वतःची दीनता सांगून लेखिका हा विषय हाती घेण्याचे धाडस व्यक्त करते; त्यानंतर मात्र ‘आम्ही’ पुढे येते आणि शेवटपर्यंत टिकते. पहिला युक्तिवाद शुद्ध तार्किक आहे. वेद केवळ ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे जर ब्राह्मण म्हणत असतील, तर इतरांना धर्मपुस्तकच उरत नाही. आणि ज्यांना धर्मपुस्तक नाही ते धर्मरहित ठरतात. प्रतिपक्षाचे विधान जसेच्या तसे मान्य करून त्याचे अपरिहार्य पर्यवसान दाखवण्याची ही पद्धत आहे. शब्दप्रमाणाशी शब्दाने झुंजण्याऐवजी, ते प्रमाण आपल्यावर बंधनकारकच नाही, हे लेखिका त्याच प्रमाणातून सिद्ध करते.

यानंतर पेशवाईतील छळाची वर्णने येतात. इमारतीच्या पायात माणसे गाडणे, तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचे शिर कापणे, यांसारखे प्रसंग त्यांत आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पेशवाई १८१८ साली संपली. लेखिकेचा जन्म त्यानंतर सुमारे दोन तपांनी झाला. म्हणजे हे तिचे प्रत्यक्ष अनुभव नव्हेत. वस्तीत, घरात ऐकलेली ती स्मृती आहे. याच भागात लंगड्या गाढवाची उपमा येते. गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी जाब विचारील; महार-मांगांना मारू नका असे म्हणणारा कोण होता? ऐकीव स्मृतीला येथे उपमानाची जोड मिळते.

निबंधाचा सर्वांत प्रभावी भाग मात्र वर्तमानकाळाचा आहे. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात तिचे हाल होतात, रोग झाला तर औषधाला पैसा नसतो, आणि फुकट औषध देणारा वैद्यही मिळत नाही. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी तक्रार करता येत नाही, कारण उष्टे-शिळे मागायला त्याच घरी जावे लागते. बाळंतिणीचे दुःख सांगताना लेखिका प्रतिपक्षाला त्याच्याच अनुभवावरून विचार करण्याचे आवाहन करते. बाळंतपण कोणत्या घरात होत नाही? ज्याला मांगवाड्याची माहिती नाही, त्यालाही घरातील बाळंतिणीची शुश्रूषा ठाऊक असते. सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा अनुभव येथे शेजारी ठेवले जातात, आणि त्यांतील अंतर हाच पुरावा होतो.

‘ज्ञानोदय’ हे मिशनऱ्यांचे पत्र होते. हिंदू धर्मव्यवस्थेवरची टीका त्याच्या भूमिकेला पोषक होती, हे नाकारता येणार नाही. इंग्रजी राज्याविषयीची कृतज्ञताही निबंधात स्पष्ट आहे. परंतु लेखिकेची अखेरची हाक महार-मांगांना आहे, आणि ती शिकण्याची आहे. पंडितांना उत्तर आणि स्वजनांना आवाहन अशा दोन श्रोतृवर्गांशी एकाच वेळी बोलण्याचे कौशल्य तिच्यापाशी आहे.

३

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी दूषणे दिली गेली, त्यांना हे उत्तर होते. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी नोकरीत आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित. मराठा कुळातील घरकोंडीच्या रीतीत वाढल्याचे त्या प्रस्तावनेत सांगतात.

विशेष म्हणजे या निवेदनानंतर ताराबाईंचे खाजगी आयुष्य पुस्तकात जवळजवळ येत नाही. त्यांचा विवाह, त्यांचे घर यांविषयी त्या मौन पाळतात. तरीही पुस्तकाचे प्रत्येक पान अनुभवाने भरलेले वाटते, याचे कारण पद्धतीत आहे. संस्कृत श्लोकाने स्त्रियांच्या माथी मारलेल्या दुर्गुणांची यादी त्या घेतात आणि एकेक दुर्गुण पुरुषाच्या व्यवहाराशी ताडून पाहतात. पत्नी वारल्यावर दुसरी करण्यास पुरुषाला मुभा, मग पती वारल्यावर स्त्रीने असा काय अपराध केला? पुराणांतील देव आणि ऋषी यांचे वर्तनही या कसोटीतून सुटत नाही. एवढेच काय, कथा-कादंबऱ्या आणि नाटकांतील स्त्रीचित्रणही त्या याच मापाने मोजतात. वाङ्मयातील स्त्री ही घरातील स्त्रीशी जुळते का, हा प्रश्न मराठी समीक्षेत इतक्या रोखठोकपणे पूर्वी क्वचितच विचारला गेला असेल.

मुक्ता साळवेंचा युक्तिवाद ‘आम्ही’च्या साक्षीवर उभा आहे; ताराबाईंचा युक्तिवाद तुलनेवर. शीर्षकातील ‘तुलना’ हा शब्द अलंकारापुरता नाही. तो प्रमाणपद्धतीचा निर्देश करतो. भाषाही या पद्धतीला साजेशी आहे : बोलीतली, म्हणी-वाक्प्रचारांनी धारदार, सवाल करणारी. घरात बोलली जाणारी भाषा छापील वादात आली, तेव्हा तिच्याबरोबर घरातील पुरावाही आला.

पुस्तकावर टीका झाली. फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत मराठी निबंधाच्या चर्चेत त्याला जागा नव्हती.

४

स्वानुभवाने वाद करणाऱ्याला एक धोका पत्करावा लागतो. तर्काला उत्तर देता येत नसेल तर प्रतिपक्ष सांगणाऱ्याच्या चारित्र्याकडे वळतो. रखमाबाईंचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर त्यांची इंग्रजी पत्रे प्रसिद्ध झाली. बालविवाहाने आपल्या सुखाचा आणि विद्याभ्यासाचा घात केला हे त्यांनी प्रथमपुरुषात सांगितले, परंतु नाव झाकून. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली गुदरलेला दावा तेव्हा चालू होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. पुढे अपील होऊन मार्च १८८७ मध्ये निकाल उलट फिरला. पतीकडे जाणे किंवा तुरुंगवास असा तो निकाल होता. १८८८ साली तडजोड झाली. या काळात विरोधकांच्या वादाचा रोख बदलत गेला. बालविवाह न्याय्य आहे की नाही हा प्रश्न मागे पडला. तिचे शिक्षण, तिच्या घरच्यांचा कथित संपत्तिलोभ पुढे आला. निनावी अनुभवाला उत्तर द्यावे लागत होते. नाव कळल्यावर व्यक्तीला दूषण देऊन भागू लागले.

हा धोका ओळखून रचलेले लेखन म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणाकडे पाहता येते. १९३० च्या दशकातील हे लेखन पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. अस्पृश्यता काय आहे हे परक्या वाचकाला कसे कळवावे, हा त्याचा आरंभबिंदू. सर्वसाधारण वर्णन आणि घडलेली उदाहरणे या दोन मार्गांपैकी ते दुसरा निवडतात, आणि निवडीचे कारणही देतात. मग १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास येतो : स्टेशनवर अडकलेली मुले, दुप्पट भाडे घेऊन गाडी मुलांनाच हाकायला लावणारा आणि स्वतः चालत जाणारा गाडीवान, पाण्यावाचून गेलेली रात्र. त्यानंतर बडोद्याची पारशी धर्मशाळा, १९२९ सालचा चाळीसगावचा टांगा, १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यावरून उठलेला कल्लोळ. हे प्रसंग केवळ कालक्रमाने लावलेले नाहीत. हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशालाही आणि मुसलमानालाही अस्पृश्य ठरतो, हे अनुमान त्यांतून टप्प्याटप्प्याने सिद्ध होते.

यापुढे लेखक स्वतःला बाजूला सारतो आणि इतरांची प्रकरणे मांडतो. त्यांत ‘यंग इंडिया’त १९२९ साली छापलेले काठेवाडातील एका शिक्षकाचे पत्र आहे. बाळंत झालेल्या पत्नीला तपासायला डॉक्टर वस्तीत शिरला नाही, थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातून पतीकडे आणि त्याच्याकडून तिच्याकडे गेले, ती दगावली. मुक्ता साळवेंच्या निबंधातील बाळंतीण आणि न मिळणारा वैद्य येथे ७४ वर्षांनी पुन्हा भेटतात. एका व्यक्तीचा अनुभव अपवाद म्हणून टाळता येतो. अनेकांचा सारखाच अनुभव नियम सिद्ध करतो. साळवेंच्या ‘आम्ही’ने जे साधले, ते आंबेडकर प्रकरणांच्या संकलनाने साधतात.

५

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. या स्वकथनांचे मराठी समीक्षेने स्वागत केले, पण तिची परिभाषा ठरलेली होती : दाहक अनुभव, अनुभवाची सच्चाई, प्रांजळ निवेदन. या शब्दांत सहानुभूती आहे आणि एक प्रकारची श्रमविभागणीही आहे. दलित लेखकाने अनुभव द्यावा, त्याचा अर्थ समीक्षकाने लावावा, अशी ती विभागणी. गोपाळ गुरू यांनी सिद्धान्त आणि अनुभव यांच्यातील या विषम नात्यावर नेमके बोट ठेवले. सुंदर सरुक्काई यांच्यासमवेतचा त्यांचा ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) हा ग्रंथ याच वादातून आकाराला आला. दुसऱ्या बाजूने इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९९१ साली इशारा दिला होता की, अनुभव हा स्वयंसिद्ध पाया मानता येत नाही. तो कसा घडतो याचेच स्पष्टीकरण द्यावे लागते. हा इशारा रास्त आहे. तथापि येथे पाहिलेल्या लेखनाला तो फारसा लागू पडत नाही, कारण या लेखकांनी अनुभवाला स्वयंसिद्ध मानलेलेच नाही. साळवेंनी तो तर्काला जोडला, ताराबाईंनी तुलनेला, आंबेडकरांनी अनुमानाला.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये ही परंपरा पुन्हा ठळकपणे दिसते. दलित घरात जन्मून संस्कृत शिकल्याची हकिकत त्यात आहे. पदव्युत्तर पदवी मिळूनही नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर पतीचे आडनाव लागते आणि महाविद्यालयात नेमणूक होते. लेखिका या घटनेतून जो निष्कर्ष काढते तो निर्मम आहे : नोकरीचे श्रेय संस्कृतला नव्हे, तर बदललेल्या आडनावाला. तीच पदवी, तीच स्त्री, बदलले ते केवळ नाव. एखाद्या प्रयोगात एकच घटक बदलून परिणाम पाहावा, तसा हा पुरावा आहे. ज्या भाषेतील ग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही असे १८५५ साली मुक्ता साळवेंनी नोंदवले, ती भाषा सव्वाशे वर्षांनी हाती आली. तिच्याबरोबर यायला हवा तो अधिकार मात्र आला नाही.

या लेखनापुढे केवळ हळहळून थांबणे म्हणजे लेखकाने मागितलेले उत्तर टाळणे होय. मुक्ता साळवेंनी पंडितांना प्रश्न विचारला होता. तिच्या निबंधाला करुण म्हटले गेले, धीट म्हटले गेले. धर्मपुस्तक ज्यांचे नाही त्यांचा धर्म कोणता, या प्रश्नाला मात्र त्या विशेषणांनी उत्तर मिळत नाही.