जादा पाटा

एलबीएस मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला, टेल्कोचे ट्रक बनू लागले. मागची कमान मात्र घोडागाडीच्या काळातलीच: एकावर एक रचलेले पोलादी पाटे. चार टायरच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा जुलै 2018मध्ये 10.2वरून 11.5 टन झाली. तरी घाटकोपर-मुलुंडकडे बसलेली कमान बदलताना मालक म्हणतोच, "एक पाटा जादा टाक."

मला खटकतं ते इथेच. जादा पाट्याने गाडी उचलली जाते. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात. कमान दबली की ड्रायव्हरला ओव्हरलोड नुसत्या नजरेने कळायचा. आपण बग न काढता अलर्ट बंद करतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे उतारावर ब्रेक दाबणारा माणूस असतो, आणि बहुतेकदा तो मालक नसतो.