बिशपांच्या शेजारचा दुभाषी

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की आमच्या वसईत फोनवर रोजचे चिंतन येऊ लागते. त्या दिवशीच्या मिस्सेतली वाचने आणि त्यांवर दोन-तीन परिच्छेद. ईस्टरपर्यंत नेम चुकत नाही. ही अलीकडची सोय आहे असे अनेकांना वाटते. मुळात ती शाळा होती, आणि सोळाशे वर्षांपूर्वी ती जेरुसलेमात रोज सकाळी भरत असे.

तिची हकिकत एजेरिया नावाच्या एका यात्रेकरू बाईने लिहून ठेवली आहे. ३८१ ते ३८४ या काळात ती पवित्र भूमीत होती आणि दूर पश्चिमेकडच्या आपल्या भगिनींना सगळे कळवत होती. ते लेखन पुढे हरवल्यातच जमा होते. १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो गावी एका जुन्या हस्तलिखितात त्याचा काही भाग हाती लागला. ईस्टरला ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, ते स्त्री-पुरुष उपवासकाळात रोज सकाळी मोठ्या चर्चमध्ये बिशपांच्या आसनाभोवती गोल करून बसत. त्यांचे धर्ममातापिता उभे असत. बिशप तीन तास शिकवीत. उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात. आधी शब्दांचा सरळ अर्थ, मग आतला. बाप्तिस्मा झालेली मंडळीही ऐकायला येत, आणि एरवीच्या प्रवचनाला मिळते त्याहून मोठ्याने इथे दाद देत.

पण माझा जीव अडकतो तो तिच्या पुढच्या नोंदीत. बिशपांना सिरियाक येत असे, तरी ते ग्रीकच बोलत. ऐकणाऱ्यांत कित्येकांना फक्त सिरियाक कळे. म्हणून एक धर्मगुरू कायम शेजारी उभा असे. बिशप ग्रीकमधून बोलत, तो सिरियाकमधून सांगे. वाचनेही अशीच दोनदा कानांवर पडत. आणि ज्यांना दोन्ही भाषा येत नसत त्या लॅटिनभाषकांचे मन खट्टू होऊ नये, म्हणून ग्रीक आणि लॅटिन जाणणारे बंधू-भगिनी त्यांना समजावून देत. रोजच्या चिंतनाचे कूळ मला बिशपांच्या आसनापेक्षा या उभ्या माणसात जास्त दिसते.

रोममध्ये या शाळेला दिनक्रम मिळाला. उपवासकाळात पोप रोज वेगळ्या चर्चमध्ये मिस्सा करीत आणि वाचने बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना डोळ्यांपुढे ठेवून निवडली जात. मात्र ‘रोज’ म्हणजे अगदी रोज नव्हे. गुरुवारी मिस्सा नसे. याचा माग गाण्यांत राहिला आहे. राखेच्या बुधवारपासून ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गायच्या ओळी स्तोत्र १ ते २६ यांतून क्रमाने घेतल्या होत्या. पुढे काही ओळींच्या जागी शुभवर्तमानातल्या ओळी आल्या, तरी क्रम ओळखू येतो. बोट ठेवून मोजत गेले की बुधवारनंतर शुक्रवार लागतो, गुरुवार ओलांडला जातो. पोप ग्रेगरी दुसरे (७१५–७३१) यांनी गुरुवारची मिस्सा सुरू केली, तेव्हा तिची गाणी दुसरीकडून आणावी लागली. जुन्या क्रमाला त्यांनी हात लावला नाही, हे फार बरे झाले.

पुढे लहानपणीच बाप्तिस्मा देण्याची रीत रुळली आणि शाळेतले विद्यार्थी संपले. वाचने तेवढी उरली, तीही लॅटिनमध्ये. दुभाषी गेला.

आपल्याकडे तो परत आला, पण वेगळ्या वाटेने. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, साष्टीत राहिले आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. उत्पत्तीपासून येशूपर्यंतची सारी कथा मराठी ओव्यांत आली. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून सोपे शब्द मिसळले आहेत, असे ते स्वतःच प्रस्तावनेत सांगतात. जेरुसलेमच्या त्या धर्मगुरूचेच हे काम. मिस्सेची भाषा मात्र लॅटिनच राहिली. लोकभाषेला दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी. १९६९ मध्ये वाचनांचा नवा क्रम आला. त्यात पुष्कळ काही बदलले, पण उपवासकाळातल्या तिसऱ्या सोमवारचे नामानचे वाचन जिथल्या तिथे राहिले. कुष्ठरोगी सेनापती संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात बुड्या मारून बरा होतो. पाण्यात उतरायच्या तयारीत असलेल्यांना ही गोष्ट का वाचून दाखवत, ते सांगायला नको.

त्या सोमवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एक आजी नातवाला थांबवून विचारत होती, एवढा मोठा सरदार, त्याला संदेष्ट्याचा पत्ता कोणी दिला? प्रमाण मराठीतले वाचन तिला भरभर गेले होते. नातवाने फोनवरचे चिंतन उघडले, पुन्हा खिशात ठेवले आणि आमच्या कादोडी बोलीत सांगू लागला: त्याच्या बायकोकडे एक पोर कामाला होती, पकडून आणलेली...