मुंबई सिटी एफसी : आशियाई स्पर्धेतील कामगिरी

मुंबई सिटी एफसीने २०२२ मध्ये आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धा असलेल्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये पदार्पण केले. रियाधमध्ये सलामीलाच अल शबाबकडून ०-३ असा पराभव पत्करावा लागला. मात्र ११ एप्रिल रोजी इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे नमवून, या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मुंबईने पटकावला. राहुल भेकेचा हेडर निर्णायक ठरला. आदल्या वर्षी एफसी गोवाला तीन बरोबरींवर समाधान मानावे लागले होते. सात गुणांसह गटात दुसरे स्थान मिळूनही मुंबईची बाद फेरी हुकली.

जमशेदपूरला ३-१ असे हरवून संघ २०२३-२४ च्या स्पर्धेस पात्र ठरला. १८ सप्टेंबर २०२३ रोजी रावेतपासून काही किलोमीटरवरील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात इराणच्या नसाजी माझंदरानशी सामना झाला. पिंपरी-चिंचवडकरांच्या दारी आलेल्या या लढतीत मुंबई ०-२ अशी पराभूत झाली. पुढे रियाधमध्ये अल हिलालने ०-६ अशी धूळ चारली आणि सहाही सामने हातचे गेले.

दोन मोसमांचा ताळेबंद : सामने १२, विजय २, बरोबरी १, पराभव ९. दोन्ही विजय परदेशातले. घरच्या मैदानावरील गुणांची पाटी मात्र कोरीच राहिली.