हट्टंगडी, रोहिणी

(११ एप्रिल १९५१ – ). मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत चार दशकांहून अधिक काळ काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री. रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शित ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा, म्हणजेच बाफ्टाचा, सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अभिनयासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. माहेरच्या त्या रोहिणी ओक. शालेय शिक्षण पुण्यात रेणुका स्वरूप मुलींच्या शाळेत.

१९७१ मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी इब्राहिम अल्काझी विद्यालयाचे संचालक होते आणि त्यांची शिस्त सर्वश्रुत होती. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना या सगळ्यांत विद्यार्थ्याने हात घातलाच पाहिजे, अभिनयापुरते शिकून भागणार नाही, असा तिथला दंडक होता. याच काळात शिवराम कारंत यांच्याकडून त्यांना यक्षगानाचे धडे मिळाले आणि शोझो सातो यांच्या मार्गदर्शनाखाली ‘इबाराकी’ या जपानी काबुकी नाटकात भूमिका करता आली. काबुकीत काम करणारी आशियातील पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख त्यांच्यावरील बहुतेक लेखांत येतो. तो जसाच्या तसा घेता येत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी काबुकी सुरू केली ती ओकुनी नावाच्या जपानी स्त्रीनेच. १६२९ मध्ये तिथल्या सत्तेने स्त्रियांना मंचावर येण्यास मनाई केली आणि पुढे ती पुरुषांची कला झाली. एवढे मात्र खरे, की बारीकसारीक हालचाल बांधून घेतलेल्या दोन पारंपरिक नाट्यप्रकारांची तालीम त्यांच्या अंगात तरुण वयातच मुरली, आणि कॅमेऱ्यासमोर त्यांच्या खांद्यांत, मानेत, पावलांत जो ताबा दिसतो त्याचे मूळ तिथे शोधायला हरकत नाही.

विद्यालयात त्यांच्याच वर्गात जयदेव हट्टंगडी (१९४८–२००८) होते. शिक्षण संपताना रोहिणी ओक यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर जयदेव यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. पुढे दोघांचा विवाह झाला आणि दोघांनी मुंबईत बस्तान बसवले. तो छबिलदास चळवळीचा भराचा काळ होता. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात, नेपथ्याचा डामडौल न करता, खुर्च्या हव्या तशा मांडून नाटके होत होती आणि त्यांना मोजका पण चोखंदळ प्रेक्षक मिळत होता. जयदेव हट्टंगडींनी बसवलेले ‘चांगुणा’ हे त्या पिढीतले लक्षात राहिलेले नाटक. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘येर्मा’चे हे आरती हवालदार यांनी केलेले मराठी रूप. मूल हवे म्हणून तडफडणारी, शेवटी नवऱ्याचा जीव घेणारी खेड्यातली बाई रोहिणीबाईंनी उभी केली. सदानंद रेगे यांनी मराठीत आणलेल्या ‘मीडिया’ या ग्रीक शोकांतिकेतही त्याच होत्या. स्वतःच्या मुलांना मारणारी मीडिया आणि मुलासाठी झुरणारी चांगुणा, ही दोन टोके एकाच नटीने मराठीत सांभाळली. एवढ्यावरही त्यांचे नाव नाट्येतिहासात राहिले असते.

चित्रपटाकडे त्या आल्या त्या समांतर सिनेमाच्या वाटेने. सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) आणि ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) या चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यानंतर रवींद्र धर्मराज यांचा ‘चक्र’ (१९८१) आला. या कामांची फारशी चर्चा झाली नाही. मात्र दिल्ली-मुंबईच्या नाटकवाल्यांत त्यांचे नाव पोहोचले होते, आणि ॲटनबरो भारतीय नटनट्या शोधत होते ते याच वर्तुळात.

‘गांधी’चे चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झाले तेव्हा रोहिणीबाई २९ वर्षांच्या होत्या. त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गृहिणीपासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मरण पावलेल्या वृद्धेपर्यंतचा पल्ला गाठायचा होता. मेकअपने सुरकुत्या येतात, वय येत नाही. त्यांचे काम पाहायचे तर दोन प्रसंग जवळून पाहावेत. पहिला दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमातला. संडास सफाई प्रत्येकाने करायची हा गांधींचा नियम कस्तुरबांना मान्य नाही. ते अस्पृश्यांचे काम आहे, असे त्या ठणकावून सांगतात. बेन किंग्जले यांचे गांधी संतापून त्यांना दंडाला धरून दाराबाहेर काढू पाहतात. तिथे ही बाई रडून कोसळत नाही. परक्या मुलखात बायकोला घराबाहेर काढणाऱ्या माणसाची लाज तिला स्वतःलाच वाटते, आणि तो ओशाळला की पुन्हा कामाला लागण्याची तयारी तीच दाखवते. हा सगळा फेरा रोहिणीबाई आवाज फारसा न चढवता, जवळजवळ नजरेवर पेलतात. दुसरा प्रसंग पोरबंदरचा. अमेरिकन वार्ताहरापुढे म्हातारे गांधी आणि कस्तुरबा आपल्या बालविवाहातले विधी, सप्तपदीची वचने, पुन्हा म्हणून दाखवतात. इथे थोडासा लाजरा खेळकरपणा आहे. अनेक दशकांचा संसार झालेले जोडपे हे असेच बोलेल, असे पाहणाऱ्याला वाटते. इंग्रजी चित्रपटात नवऱ्याच्या महात्मेपणामागे पुसट होऊन जाण्याचा धोका या भूमिकेला पहिल्यापासून होता. पटकथेतही तिला मोजकेच प्रसंग आहेत. तरी प्रेक्षकाच्या मनात कस्तुरबा राहतात.

मार्च १९८३ मध्ये बाफ्टा पुरस्कार जाहीर झाले. ‘गांधी’ला पाच पुरस्कार मिळाले. साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार रोहिणीबाईंना ‘रेड्स’मधील मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून मिळाला. स्टेपलटन या अमेरिकी रंगभूमीवरच्या मातब्बर अभिनेत्री, आणि त्याच भूमिकेसाठी त्यांनी आधीच्या वर्षी ऑस्कर पटकावले होते. ११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली. त्यांतले वेशभूषेचे कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना, जॉन मोलो यांच्यासह. तो दिवस रोहिणीबाईंचा वाढदिवस होता, हा निव्वळ योगायोग. एकाच चित्रपटातून दोन मराठी बायकांनी दोन जागतिक सन्मान आणले. अथय्यांचे ऑस्कर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गेले. बाफ्टा मात्र आपल्याकडे तितका रुजला नाही. भारतात त्या काळी परदेशी चित्रपट-पारितोषिकांत ऑस्करच लोकांच्या अधिक ओळखीचे होते, याखेरीज त्याला दुसरे कारण दिसत नाही.

‘गांधी’चे चित्रीकरण मे १९८१ मध्ये आटोपले आणि त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ मराठी रंगभूमीवर आले. दिग्दर्शक विनय आपटे. १९४०च्या सुमाराचे कॉलेज, बापू हा निवेदक मित्र, आणि स्त्रीवरच प्रेम करणारी, ते न लपवणारी सुमित्रा ऊर्फ मित्रा. ही मित्रा रोहिणीबाईंनी केली. मराठी रंगमंचावर समलिंगी स्त्री मध्यवर्ती पात्र म्हणून अशी उभी राहण्याचा तो काळ नव्हता. आजही तो पुरता आला आहे असे म्हणवत नाही. पडद्यावर देशाची ‘बा’ झालेली नटी त्याच वर्षी मंचावर मित्रा होते, हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका तपशील होय. सिनेमाने त्यांच्यातली कस्तुरबा तेवढी उचलली. मित्रा उचलण्याची हिंमत त्याला झाली नाही.

कारण पुढची जवळजवळ वीस वर्षे चित्रपटांनी त्यांना बहुधा वयाने मोठेच ठेवले. महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मध्ये (१९८२) त्या मोलकरीण होत्या. मुलीच्या शाळेसाठी पैसा पैसा जमवणारी, तो दारूत उडवणाऱ्या नवऱ्याला अखेर ठार करणारी. छोट्या भूमिकेने मुख्य कथेला प्रश्न विचारावा असा हा प्रकार आहे, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. भट्ट यांच्याच ‘सारांश’मध्ये (१९८४) न्यूयॉर्कमध्ये मारल्या गेलेल्या एकुलत्या मुलाचे आईवडील आहेत. निवृत्त मुख्याध्यापक प्रधान आणि त्यांची पत्नी पार्वती. प्रधान झालेले अनुपम खेर अठ्ठावीसच्या आसपास, पार्वती झालेल्या रोहिणीबाई तेहतीसच्या. खेरांच्या आक्रोशाची चर्चा नेहमी होते आणि ती योग्यच आहे. पण भाडेकरू मुलीच्या पोटी आपलाच अजय परत येणार या वेड्या आशेला पार्वती ज्या निगुतीने जपते, मुलीच्या खाण्यापिण्याची ज्या लगबगीने काळजी घेते, त्यामुळे चित्रपटाचा उत्तरार्ध तोलून धरला जातो. ते वेड हास्यास्पद होत नाही, कीव येण्यासारखेही होत नाही. याच वर्षी मिर्झांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो’मध्ये त्या वकीलबाई होत्या, आणि महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या ‘पार्टी’मध्ये मोहिनी बर्वे. लेखक नवऱ्याच्या सावलीत दारूला लागलेली, स्वतःची रंगभूमी हरवून बसलेली ही नटी. तिच्यासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याच व्यवसायातल्या बाईची ही पडझड त्यांनी कसलाही दयेचा सूर न लावता दाखवली. चित्रपटातल्या त्यांच्या कामांत ‘पार्टी’चा क्रम ‘गांधी’च्या खालोखाल नव्हे, बरोबरीने लावायला हवा.

व्यावसायिक हिंदी चित्रपटाने एवढा विचार केला नाही. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन त्यांच्याहून साडेआठ वर्षांनी मोठे. मुलाच्या रक्ताळलेल्या हातांची घृणा असलेली ही मास्तरांची विधवा फिल्मफेअर मिळवून गेली, कारण त्या मेलोड्रामात ती एकटीच ठाम उभी राहते. ‘चालबाज’मध्ये (१९८९) त्यांनी श्रीदेवीला छळणारी काकू रंगवली आणि खलनायकीचा आनंद लुटला. ‘सीतारामय्यागारी मनवरालू’ (१९९१) या तेलुगू चित्रपटात त्या अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या पत्नी होत्या. नागेश्वर रावांचा जन्म १९२४ चा. राजकुमार हिरानी यांच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मध्ये (२००३) सुनील दत्त यांच्या पत्नी म्हणून त्यांच्या वाट्याला थोडेच प्रसंग आले. हिंदी चित्रपटात नायकाची आई या एका खणात अभिनेत्रीला टाकले की तिथून तिला बाहेर काढत नाहीत. रोहिणीबाईंनी त्या खणात कुरकुर न करता काम केले, आणि भूमिका पोकळ असली तरी आपण पोकळ दिसायचे नाही एवढे पथ्य पाळले.

रंगभूमीवर त्यांचे येणे-जाणे चालूच होते. जयदेव हट्टंगडी दिग्दर्शित ‘अपराजिता’ हा नीतीश सेन यांच्या बंगाली नाटकावरचा एकपात्री प्रयोग त्यांनी केला. मंचावर सोबतीला कोणी नाही, उसंत नाही. ‘कलाश्रय’ या संस्थेमार्फत दोघांनी नाट्यशिक्षणाचे कामही केले. २००८ मध्ये जयदेव यांचे निधन झाले. त्याआधी २००४ मध्ये रोहिणीबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

घराघरांत त्या पोहोचल्या ते मात्र मालिकांमुळे. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’मध्ये त्यांनी आशालता देशमुख साकारली. सून अनुराधा म्हणजे कविता लाड. मालिका २०१३ पर्यंत चालली आणि तिने तीन हजारांहून अधिक भागांचा टप्पा ओलांडला. इतकी वर्षे रोज तीच सासू करायची म्हणजे नटीची कसोटीच. कथानक कितीही फिरवले, लांबवले, गोल गोल नेले, तरी आशालताबाईंचा करारीपणा ढळला नाही. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांपासून लांबच्या वस्त्यांत ‘मित्राची गोष्ट’ पाहिलेला माणूस सापडणे कठीण, पण तिथल्या आयाबायांना आशालता नेमकी ठाऊक असते. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–१६) या झी मराठीच्या मालिकेत त्या भागीरथी गोखले, म्हणजे ‘आईआजी’ झाल्या. गोखले गृहउद्योगाच्या बायकांच्या घरातली ही कर्ती म्हातारी. मालिकेतल्या सासूला खाष्ट किंवा सोशीक यांपैकी एक निवडावेच लागते, हा समज तिने थोडा सैल केला. या टप्प्यावर त्यांचे खरे वय आणि भूमिकेचे वय अखेर जुळले, आणि त्यामुळे त्यांच्या अभिनयातला ताण उतरल्यासारखा वाटतो. विनोदही मोकळा झाला.

‘वन्स मोअर’ (२०१९) या मराठी चित्रपटात त्यांनी पुरुषाची भूमिका केली. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ (३० जून २०२३) मध्ये वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब यांच्यासह त्या सहा बहिणींतल्या एक, थोरली जया. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येणाऱ्या या बहिणींच्या चित्रपटाला महाराष्ट्रभर बायकांनी गटागटाने गर्दी केली. सत्तरीच्या वयात त्या फुगडी-झिम्म्याच्या तालमीत होत्या.